फुंकरीचे ठिपके

त्या वर्षी जव्हारला दसऱ्याच्या दरबाराबरोबर प्रदर्शन भरणार होतं. प्रदर्शन म्हणजे काय, हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेले निम्मे ठाऊक असल्याचा आव आणत होते. कुणी म्हणे मुंबईहून वाघ येणार, कुणी म्हणे बोलणारी पेटी. प्रत्यक्षात आलं काय, तर मोठाले भोपळे, नागलीची कणसं, बांबूच्या टोपल्या आणि या सगळ्याच्या टोकाला एक लांबट मांडव. मांडवात कारवीचे पाच कूड उभे केलेले होते. डोंगरातल्या घरांच्या असतात त्याच भिंती, कारवीच्या काठ्या बांधून शेणमातीनं लिंपलेल्या आणि गेरूनं सारवलेल्या. फक्त या भिंतींना घर नव्हतं.

ही कल्पना चित्रकलेच्या मास्तरांची. लग्न असलं की वारल्यांच्या बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. काढतात असं म्हणायचं नाही, लिहितात. मास्तरांनी कुठल्याशा पाड्यावर असा एक चौक पाहिला आणि ते भारावून गेले. असे पाच चौक दरबारच्या पाहुण्यांना दाखवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि साखरशेतच्या गौराबाईला बोलावणं धाडलं. गौराबाई धवलेरी होती. म्हणजे लग्नात गाणी म्हणून देव बोलावणारी आणि लग्न लावणारी तीच. तिच्या शब्दाशिवाय त्या भागात कुणाचं लग्न लागत नसे.

तिनं पाचही कूड हातानं चाचपून पाहिले आणि विचारलं, "नवरी कठं हाय?"

"नवरी नाही बाई. प्रदर्शन आहे."

"मग पालघट कोणासाठी बसवू? तुमच्यासाठी?"

चौकात पालघट देवी बसते. नवरानवरी नसताना तिला बसवायचं म्हणजे देवीला आवतण देऊन उपाशी परत पाठवायचं. गौराबाईनं तोंड फिरवलं, तेव्हा मास्तरांनी कपाळाला हात लावला. दसरा तोंडावर आलेला आणि भिंती कोऱ्या. शेवटी ते म्हणाले, "बरं, चौक नको. तुम्ही रोज घरात जे करता, ते लिहा."

गौराबाईबरोबर आलेल्या बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. हौशी म्हणाली, "घरात काय करतो? राख काढतो, शेण काढतो, भांडतो. ता कोण बघल?"

"तेच लिहा," मास्तर म्हणाले.

मला विचाराल तर मास्तरांना जन्मात सुचलेली ही एकच चांगली गोष्ट, आणि तीही नाइलाजानं सुचली.

चौक नव्हता, म्हणूनच पोशीला येता आलं. चौकाला हात लावायचा तो सवाशिणीनं. पोशी सवाशीण नव्हती, रांडाव नव्हती आणि कुमारीही नव्हती. साखरशेतच्या शेवटच्या घरात ती आणि सोम्या कितीतरी वर्षं राहिले, पण त्यांचं लग्न कधी लागलं नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लग्न म्हणजे दाणे, ताडी, धवलेरी आणि आखा पाडा जेवायला. ते जमेल तेव्हा लावायचं, तोवर संसार काही थांबत नाही. काही जोडप्यांची लग्नं तर त्यांच्या पोरांबरोबर एकाच मांडवात लागत. पोशी आणि सोम्याही दर वर्षी म्हणत, पुढल्या पिकाला लावू. पोरबाळ झालं नाही, आणि ते पुढलं पीकही काही आलं नाही.

मग एका वर्षी भाताची झोडणी उरकून सोम्या लाकूडतोडीला खोडाळ्याकडे गेला. खोडाळा जव्हार संस्थानच्या हद्दीबाहेर. पावसाच्या आत येतो म्हणाला होता. आला नाही. मेलाही नाही. बाजाराला जाऊन आलेले लोक सांगत, की तो लाडकी नावाच्या बाईच्या घरात राहतो आणि अंगानं चांगला भरलाय.

लग्न लागलेलं असतं तर ते मोडायला पंच बसले असते, चार माणसं सोम्याला शिव्या घालायला आली असती. लागलंच नव्हतं, तर मोडणार काय? पाड्यावर कुणी एक शब्द काढला नाही. नवरा मेला तर बाई हक्कानं रडू तरी शकते. पोशीला तोही हक्क नव्हता. ती उठायची, एकटीपुरतं शिजवायची, कोंबड्यांशी दोन शब्द बोलायची आणि कामाला जायची. दुसऱ्यांच्या लग्नात चौकासाठी तांदूळ वाटून द्यायची आणि बायका चौक लिहायला बसल्या, की मागे सरकून बसायची. तिच्यासारखा हात साऱ्या साखरशेतात नव्हता. लहानपणी आईच्या शेजारी बसून, मागच्या कुडावर ती झाडं आणि मोर लिहायची, ते अजून म्हाताऱ्यांना आठवत होतं. पण आठवून उपयोग काय?

"चौक नाय, मग तू का नाय?" गौराबाई तिच्या दारात उभी राहून म्हणाली. "आन खोडाळ्याची तारपा वाजवणारी मंडळी येणार हाये दसऱ्याला."

दुसरं वाक्य तिनं जाता जाता टाकलं. गौराबाई काही उगीच बोलणारी बाई नव्हती.

मांडवात पाच जणी बसल्या. गौराबाई, हौशी, पोशी आणि वांगणीकडच्या दोघी बहिणी. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं, पिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि लिहायचं. पहिल्या दिवशी कुणाची काडी पुढे सरकेना. चौकात काय लिहायचं ते आईनं, आजीनं ठरवून ठेवलेलं असतं. इथं ठरवायचं ज्याचं त्यानं. वांगणीच्या दोघी तर पाठीला पाठ लावून बसल्या आणि एकमेकींना विचारत राहिल्या, आपण रोज करतो तरी काय?

मग हौशीनं सुरुवात केली. तिनं सुनेच्या नजरेआड, माच्याखाली बसून तंबाखू खाणारी सासू लिहिली. ते बघून बाकीच्या हसून लोळल्या आणि त्यांचेही हात सुटले. वांगणीची मोठी उन्हात बसून लेकीच्या उवा काढणारी आई लिहायला लागली. धाकटी कोंबडीमागे धावून धावून दमलेली बाई लिहायला लागली. गौराबाईनं चुलीशी बसल्या बसल्या पेंगणाऱ्या दोन म्हाताऱ्या लिहिल्या. त्यांच्या माना अशा काही झुकवल्या, की बघणाऱ्याला जांभई यावी.

पोशी तेवढी बसून राहिली. रोजचं लिहायचं, तर तिच्या रोजच्या घरात होतं काय? एक बाई, एक चूल, एक भाकर. ते लिहायला एवढी मोठी भिंत कशाला हवी?

तिला आठवली ती सकाळची पेज. ती जात्यावर बसलेली असायची. पेज चुलीवरून नुकती उतरलेली, वाफ निघणारी. कामाला जायची घाई, आणि पोशीला गरम सोसत नसे, जीभ लगेच भाजायची. सोम्या तिचं वाडगं हातात घ्यायचा, तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि फुंकर घालत राहायचा. पेज निवली, की वाडगं जात्याशेजारी ठेवून कोयता उचलून चालू लागायचा. यावर दोघं कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय? तो गेल्यावर मात्र पहिल्याच सकाळी तिची जीभ भाजली, आणि भाजलेल्या जिभेनं ती बसून राहिली. आता ती थांबायला शिकली होती. पेज आपोआप निवते. वेळ लागतो, एवढंच.

तिनं जातं लिहिलं. जात्यावर बाई लिहिली. समोर उकिडवा बसलेला गडी लिहिला, त्याच्या हातात वाडगं. पण फुंकर कशी लिहायची? या चित्रांतल्या माणसाला तोंड नसतं. डोकं म्हणजे एक वाटोळा ठिपका. वारा लिहायचा तर झाडं वाकवता येतात, पण एका माणसाचा श्वास कशाला वाकवणार? बराच वेळ ती काडी वर धरून बसली. मग तिनं गड्याच्या डोक्यापासून वाडग्यापर्यंत बारीक बारीक ठिपके लिहिले. आधी दाट, मग विरळ, आणि वाडग्याजवळ इतके बारीक, की काडीचं टोक टेकलं न टेकलं. सगळं चित्र भिंतीच्या मधोमध, हातभर जागेत. बाकीची भिंत तिनं रिकामीच ठेवली.

गौराबाई मागे येऊन उभी राहिली. "मधमाशा हाये ना?"

पोशीनं काडी पुसून बाजूला ठेवली.

मास्तर आले. ते तर खूशच झाले. "वा! मध काढायला बसलाय. माश्या अगदी जिवंत आल्यात हं."

पोशीनं त्यांनाही सांगितलं नाही. उलट तिला ते गोडच वाटलं. कुणाला कळत नव्हतं तेच बरं होतं. हे कळणारा माणूस एकच होता. तारप्याच्या मंडळींबरोबर तो येणार, भिंतीसमोर उभा राहणार, बघणार आणि त्याला कळणार. कळलं की तो परत येईल. खोडाळ्यातही अजून लग्न लागलेलं नव्हतं. म्हणजे त्याच्या नावाचा चौक अजून कुणाच्याच भिंतीवर नव्हता, आणि चौक लिहिला जात नाही तोवर माणूस कुठल्याही दारात परत येऊ शकतो. या एवढ्याशा गोष्टीवर तिनं सगळा जीव टांगला होता. खुळी होती का? असेल. एकटं राहून राहून माणूस शहाणं होतं असं कुणी सांगितलं असेल, तर तो एकटा राहिलेला नसणार.

दसऱ्याच्या दिवशी मांडवात ही गर्दी. दरबारचे पाहुणे आले, त्यांनी हातातल्या काठ्यांनी चित्रं दाखवत माना डोलावल्या आणि ते भोपळ्यांकडे गेले. खरी मजा त्यानंतर आली. पाड्यापाड्यावरची माणसं आत शिरली आणि भिंतींसमोर त्यांची भांडणं जुंपली. हौशीच्या सासूपुढे एका म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "ही मीच हाय. माझ्या सुनेनं सांगितला तुला!" हौशीनं तिला जन्मात पाहिलं नव्हतं. उवा काढणाऱ्या आईसमोर दोन मोठ्या बहिणी उभ्या राहून एकदम रडायलाच लागल्या. कोंबडीमागे धावणारी बाई कोण, यावरून साखरशेत आणि वांगणी यांच्यात पैज लागली. गौराबाईच्या म्हाताऱ्यांवर तर निम्म्या गावानं आपला हक्क सांगितला. ज्यानं त्यानं आपली माणसं शोधली आणि ती प्रत्येकाला सापडली.

पोशीच्या भिंतीपुढे येऊन लोक म्हणायचे, "मध काढतंय," आणि पुढे जायचे. त्या चित्राला कुणी धनी नव्हता. कुणी म्हणालं, "ह्याला माश्या चावत कशा नाय?" कुणी म्हणालं, "आन ही बाय बघा, दळतंच हाय." पोशी बाजूला उभी राहून ऐकत होती. आधी गोड वाटलेलं ते हळूहळू टोचायला लागलं. इतकी माणसं, आणि एकाच्याही घरात कुणी कुणाची पेज निववत नाही?

तारप्याचा आवाज आला. इतके दिवस जिची वाट पाहिली ती वेळ आली, आणि ती कुडाच्या मागे जाऊन बसली. ओल लागू नये म्हणून कूड जमिनीपासून वीतभर वर बांधलेले होते. त्या फटीतून तिला बघणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते. पाय येत होते, थांबत होते, जात होते. मग सोम्याचे आले. उजव्या पायाचा कोयत्यानं वाकडा झालेला अंगठा तिनं हजारांत ओळखला असता.

पाय थांबले. पोशीनं श्वास धरून ठेवला. ते हलत नव्हते. बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ ते तिथं होते. ती फटीकडे आणखी वाकली.

"मधमाशा," सोम्याचा आवाज आला. "बेस लिहिल्यात." आणि पाय पुढे गेले.

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. पोशीला त्याचा आवाज पाठ होता. लपवतोय, लाजतोय, यातलं काहीही त्या आवाजात नव्हतं. त्याला खरंच मधमाश्या दिसल्या. आपण फुंकर घालतो हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याच्या लेखी ती पेज होती, घाई होती, झालं. आयुष्यात सगळ्यात मऊ म्हणून जे तिनं जपलं, ते देणाऱ्याच्या ध्यानातही नव्हतं.

भिंतीसमोर अजून दोन पाय उभे होते. बाईचे, पायांत कथलाची वाळी. ते हलेनात. शेवटी पोशीच उठून बाहेर आली.

बाई तिच्याच वयाची होती, काळीसावळी, रुंद कपाळाची. चित्राच्या इतकी जवळ गेली होती, की तिचं नाक भिंतीला लागेल. पाठीमागे कुणी आल्याचं जाणवलं तशी ती वळली आणि जुनी ओळख असल्यासारखी हसली.

"तू लिहिलास ना? ह्या मधमाशा नाय. फुकतोय तो. पेज निववतोय तिची."

पोशी एक पाऊल पुढे आली. तिनं होकाराची मान हलवली.

"आमच्याकडं बी तसाच हाय," बाई म्हणाली. आवाज खाली आणून, लाजत म्हणाली. "मी दळत बसतंय, आन हा माझ्यासमोर बसून फुकत ऱ्हातो. त्याला इचारला तर म्हणल, मी कवा फुकला? त्याला ठावाच नाय. मना वाटलेला, आख्या जगात हा एकटाच असा हाय." तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "कसा बेस लिहिलास बाय. तुझा हात सोन्याचा हाय. मी लाडकी, खोडाळ्याची. आमचा लगीन हाय औंदा, भात झोडला का लागलाच. तू ये आमचा चौक लिहाय. मी सांगतंय आमच्या धवलेरीला. तुझ्यासारखा चौक कोणाच्या घरी नसल."

पोशीला तिचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं लाडकी म्हणजे एक नाव होतं आणि त्या नावाला तिनं काय काय बोल लावले होते. आता ते नाव समोर उभं राहून तिच्या ठिपक्यांना ओळखत होतं. सबंध दसऱ्यात, साऱ्या जव्हारात, तिचं चित्र कळलेलं माणूस हे एकच. पोशीला एकदम तिचा हात धरून खाली बसावं, आणि भाजलेल्या जिभेपासून सगळं सांगावं असं वाटलं. सांगायला दुसरं कोण होतं तिला?

"मना चौकाला हात लावता येत नाय," ती म्हणाली.

"कसा? गोहो मेला?"

"नाय मेला."

"मग सोडचिठ्ठी झाली?"

"नाय. लगीनच नाय लागला कवा."

लाडकी हसणार होती. अशा बायका तर पाड्यापाड्यावर असतात, त्यात काय? पण तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. तिनं पोशीकडे पाहिलं. चित्रातल्या दळणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग मान वळवून मांडवाच्या तोंडाशी तारपेवाल्यांत उभ्या असलेल्या सोम्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोशीकडे.

"कोणता पाडा तुझा?" तिनं हळूच विचारलं.

"साखरशेत."

लाडकीनं पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. तिचा चेहरा उतरला होता, आणि पोशीला तिची कीवही आली. आख्या जगात एकटाच असा आहे, असं तिलाही वाटत होतं की. लाडकीचा हात पुढे आला, पोशीच्या मनगटाला लागला न लागला, आणि मागे गेला. ती वळून चालू लागली.

"काय बघत हुतीस एवढा?" सोम्यानं तिकडून मोठ्यानं विचारलं.

लाडकी त्याच्यापर्यंत पोहोचली, त्याच्या आणि मांडवाच्या मधे उभी राहिली आणि तिनं त्याच्या दंडाला धरलं.

"काय नाय," ती म्हणाली. "मधमाशाच हायेत."

पोशीनं ते स्वच्छ ऐकलं. तिनं तोंड उघडलं असतं तर तेवढ्या अंतरावरून हाक पोहोचली असती. पण लाडकीच्या जागी ती असती, तर तिनंही हेच सांगितलं असतं. ती दोघं खोडाळ्याच्या माणसांत मिसळली, तारपा पुन्हा वाजायला लागला, आणि पोशी येणाऱ्या लोकांना वाट करून देत भिंतीशेजारी उभी राहिली.